उशाला ठेवलेला पाय

आईचा डावा पाय तिच्या आधी पुरला गेला. आम्ही तो पुरून परत आलो, तेव्हा ती दवाखान्याच्या खाटेवर चहात टोस्ट बुडवून खात होती. हे मी नातेवाइकांत इतक्यांदा सांगितलंय, की आता पोरंसुद्धा पुढचं वाक्य माझ्या आधी म्हणतात. सगळे हसतात, मीही हसतो. त्या आठवड्यात मात्र हसू येत नव्हतं.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. आईला साखरेचा आजार होता. चप्पल घासल्याचं निमित्त झालं, तिनं हळद लावली, मग कोणाचंसं मलम. मला दाखवलं तोवर पाऊल घोट्यापर्यंत काळं पडलं होतं. गोंदियाच्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून काढावा लागेल म्हणून सांगितलं. "अम्मा, देर मत करो, जहर ऊपर चढ़ रहा है," असं तिच्यासमोरच म्हणाले. आई सही करायला तयार नव्हती.

ऑपरेशनची भीती नव्हती तिला. आमचं घर ख्रिस्ती, ते बाबांकडून. बाबा रेल्वेत होते. आई नवेगाव बांधकडच्या बौद्ध घरातली, लग्नानंतर बाप्तिस्मा घेतलेली. मेलेली माणसं शेवटल्या दिवशी शरीरासकट उठतील, हे आम्ही जन्माचे ख्रिस्ती रविवारी म्हणायचो आणि सोमवारी कामाला लागायचो. आई सोमवारीही मानायची. गावाबाहेरच्या कब्रस्तानात बाबा निजले होते आणि त्यांच्या शेजारची जागा तिच्यासाठी ठेवली होती.

"पाय इथं कचऱ्यात जाईन, अन् मी तिकडं," ती म्हणाली. "मंग उठीन त कशी उठीन? लंगडी?"

मी चर्चमध्ये रविवारची शाळा घ्यायचो, म्हणून घरात मला अर्धा पाद्री समजत. पूर्ण पाद्री त्या आठवड्यात खेड्यांकडे गेलेले, त्यामुळे सगळं अर्ध्यावर आलं. मी तिला समजावलं, की समुद्रात बुडालेले असतात, वाघानं खाल्लेले असतात, देव त्यांनाही गोळा करणारच. ती म्हणाली, त्यांचा नाइलाज होता. आपण जाणूनबुजून देवाला कायले कामाला लावायचं?

मग मी ठेवणीतला दाखला काढला. दाणा मातीत जातो तो एक, आणि वर येतं ते दुसरंच, हिरवंगार. तसंच हे शरीर पेरायचं आणि उठायचं ते तेजस्वी शरीर घेऊन. धानाच्या मुलखात याहून सोपं काय असणार? मी बोललोही झकास. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. आईनं सगळं ऐकून घेतलं, आणि ती धान लावण्यात वाढलेली बाई म्हणाली, "कनकी पेरली त उगवते का?"

कनकी म्हणजे गिरणीतून निघणारा तुटका तांदूळ. कोंबड्यांना टाकतात, अडचणीच्या दिवसांत त्याचा भात करतात, पण कनकी कोणी पेरत नाही. तसा अख्खा तांदूळही उगवत नाही, त्याला साल लागतं. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

मी प्रभूच्या पुनरुत्थित शरीराकडे वळलो. तिथंही ती आधीच पोचलेली.

"त्यायच्या हाताले भोकं तसेच होते ना? उठल्यावर बी?"

होते. त्याच वर्षी ईस्टरला मी पोरांना रंगीत चित्र लावून शिकवलं होतं. जखमा राहतात, हे मीच शिकवलं होतं. त्याचा असा अर्थ कोणी काढील हे सुचलं नव्हतं. व्हरांड्यात जाऊन मी नखं खात उभा राहिलो. आत माझी बायको नाकाकडे गेलेला पदर पुन्हा खाली घेत तिच्याजवळ बसायची. त्यावरूनच मला कळे, वास किती येतोय.

दुसऱ्या दिवशी मामा आला, आईचा धाकटा भाऊ. कोहमाऱ्याला बस बदलून, घामाघूम. त्याला आमचं पुनरुत्थान पटायचं नाही आणि तो ते लपवायचाही नाही. पायावरची चादर बाजूला करून त्यानं बराच वेळ पाहिलं.

"बाई, आमच्यात त सगळंच जळून जाते," तो म्हणाला. "पन तुले पायाचीच चिंता हाय त तो कचऱ्यात कायले टाकता? तुही जागा हाय ना भाऊजीजवळ? पाय आधी जाऊ दे. तू ये मागून."

आईनं चादर पुन्हा पायावर ओढली. मग म्हणाली, "एकटाच ठेवसान?"

"भाऊजी हायत ना सोबतीले."

तिनं सही केली. अर्ध्या पाद्र्याला जे जमलं नाही ते बौद्ध मामानं चहा यायच्या आत केलं. आईचा जीव वाचला तो असा.

चर्चच्या कमिटीत कुरकुर झाली. जिवंत बाईचं दफन करता येत नाही, प्रार्थना कोणत्या नावानं म्हणायची? पाद्रींनी फोनवर मार्ग काढला: खड्डा करा आणि मनातल्या मनात म्हणा. दवाखान्यातून पाय मिळाला तो आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून आम्ही वायरच्या पिशवीत ठेवला. ऑटोवाल्यानं विचारलं, "क्या है भैया?" मामा म्हणाला, "घर का सामान है."

जमीन मुरमाड होती. कुदळ ठणठण वाजत होती आणि माझे तळहात सोलून निघाले. बाबांच्या क्रूसाच्या अगदी रेषेत, शेजारी, मी नीट खड्डा केला. मातीही सारखी केली. आयुष्यात एक काम धड झालं अशा तोऱ्यात परत आलो.

आई टोस्ट बुडवत होती. "कोन्या अंगाले ठेवला?"

"क्रूसाजवळ. बाबांच्या अगदी बाजूला."

टोस्ट तुटून चहात पडला. आमच्याकडे माणसाला निजवतात ते डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. उठला की सूर्य समोर यावा. क्रूस डोक्याकडे असतो. हेसुद्धा मी पोरांना शिकवायचो.

"पाय उशाले ठेवला?" आई म्हणाली.

मी सकाळीच उकरून हलवतो म्हटलं. पण कमिटीतले वडीलधारे आडवे आले. दिलेली माती माणूस आल्याशिवाय उघडत नाहीत, ती रीतच होती. माणूस यायला अजून वेळ होता, आणि वेळ असावा अशीच आमची इच्छा होती. मग करणार काय?

त्यानंतरची वर्षं आई वॉकर घेऊन चालली. पाहुण्यांत ती स्वतःच सांगायची, की उठीन तेव्हा डोकं खाजवायला पाय जवळच राहील. मामा हसून लोळायचा. पण ईस्टरच्या पहाटे, चुना मारलेल्या कबरींवर मेणबत्त्या लावून सगळी मंडळी गाणी म्हणत असली, की ती वॉकरवर रेलून त्या क्रूसाजवळच्या जागेकडे बघत राहायची. गायची नाही. ताप आला की मला जवळ बोलवून म्हणायची, "मी येईन तवा नीट ठेवजो." मी हो म्हणायचो. मग ती पुन्हा म्हणायची. माझ्या होवर तिचा भरवसा नव्हता, आणि का नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं.

ती गेली दोन हजार दहाच्या सुमाराला. खोदणारे खोदत क्रूसाकडे आले तसा मी त्यांना थांबवून खाली उतरलो. लुगड्याचा काठ सापडला. लांब हाडं ओळखू आली. पण पाऊल? पावलात बारीक बारीक हाडं असतात आणि मुरमाचे खडे तेवढेच, त्याच रंगाचे. मी उकिडवा बसून एकेक उचलून बघू लागलो. वर गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, तेही संपलं.

मामा कडेला वाकला. "काय करून राहिला रे?"

"निवडून राहिलो."

लहानपणी आई मला तांदूळ निवडायला बसवायची, आणि जेवताना सगळ्यांच्या दाताखाली खडा यायचा. मामाला ते आठवलं असावं. तो कडेवरच टेकला. मग म्हणाला, "सगळंच घे."

मी सगळंच घेतलं. बायकोनं दिलेल्या नव्या पांढऱ्या कपड्यात बांधलं आणि आईला निजवल्यावर पायथ्याशी, डाव्या अंगाला ठेवलं. बाजू दोनदा तपासली. मामाकडूनही तपासून घेतली.

रविवारची शाळा मी अजून घेतो. दाण्याचा दाखला आला की घाईघाईनं पुढं जातो. त्या गाठोड्यात आई किती आणि मुरूम किती, मला माहीत नाही. ती सकाळ खरंच आली, तर आई सूर्याकडे तोंड करून उठेल, पाऊल टाकेल आणि टाचेत खडा टोचेल. तेव्हा ती प्रभूकडे बघायच्या आधी मला शोधेल. तिच्या शिव्या खायला मी तयार आहे. पुष्कळदा रात्र सरत नाही तेव्हा वाटतं, नुसत्या शिव्या तरी ऐकू याव्यात.