काटछाटबाईंची हलकी रायफल

रायफलींचे आराखडे करणाऱ्या कार्यालयात तिला सगळे ‘काटछाट’ म्हणायचे, आणि तिला त्याचा रागबिग येत नसे. वजन दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. घरातल्या डावाच्या दांड्यालाही तिने भोकं पाडून तो हलका केला होता. भांडी घासताना त्या भोकांत अडकलेलं कोरत बिचारा नवरा काडी घेऊन बसायचा.

या हौसेला खतपाणी घातलं मोठ्या नणंदेने. वन्सं पायदळात होत्या. सुट्टीवर आल्या की खांदा चोळत म्हणायच्या, “अगं, तुमची ती रायफल आहे की गळ्यातलं लोढणं?”

झालं! काटछाटने मनावर घेतलं. नळी बारीक केली, खांद्याला टेकतो तो दस्ता पोकळ केला आणि चांगलं किलोभर वजन उतरवलं.

चाचणीला नेमकी वन्संचीच तुकडी आली. रायफल उचलताच वन्संची कळी खुलली. गोळी झाडली आणि चेहरा पडला. काडतूस होतं तेच, रायफल मात्र हलकी. मग सगळा धक्का खांद्यावर. त्यात बारीक नळी लगेच तापली आणि गोळ्या वाट्टेल तिकडे जाऊ लागल्या.

संध्याकाळी वन्संचा हात वर जाईना. वेणी घालायला भावजयच बसली.

“हलकी हवी म्हणून कोण मागे लागलं होतं?” तिने पेड ओढत विचारलं.

“मीच. पण लाथा झाडणारी नव्हती मागितली! आणि हळू ओढ गं, आता केसांचंही वजन उतरवतेस की काय?”

मग काटछाटने नळीच्या तोंडाशी फटी असलेली टोपी बसवली. धक्का कमी झाला, पण आवाज बाजूला असा फुटला की शेजारच्या शिपायाने तिच्याकडे रागाने बघत कान झाकले. टोपी गेली. शेवटी मनावर दगड ठेवून तिने जाड नळी परत आणली. पोकळ दस्ता तेवढा राखला.

“अजून जडच आहे हं,” वन्सं म्हणाल्या.

“मग नळी जराशी...”

“नको बाई! आहे ती बरी आहे.”

रायफल मंजूर झाली. त्या आनंदात वन्संनी तीच भावजयीच्या खांद्यावर अडकवून तिला टेकडीवर नेलं. अर्ध्या वाटेत काटछाटबाई धापा टाकत दगडावर टेकल्या.

“वन्सं, घ्या ना जरा.”

वन्संनी रायफल स्वतःच्या खांद्याला अडकवली, पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “ही तरी झेपेल ना?”