बाबांनी बसवलेली फरशी

नाशिक रोडच्या आमच्या घरातली पुढच्या खोलीची फरशी बाबांनी स्वतः बसवली होती. ते अंबडला कारखान्यात फिटर. रविवारी टाइल्सच्या दुकानांमागे टाकलेले रंगीत तुकडे गोणीत भरून आणायचे आणि ओल्या सिमेंटात एकेक दाबायचे. मधोमध मोर केला होता. आई म्हणायची, "मोर कमी, कोंबडा जास्त." बाबा हसायचे.

कॉलेजात मला गंगापूर रोडची एक मैत्रीण मिळाली. पुढे ती इंटिरिअर डिझाइन शिकली. कानातले कसे घालावेत, पडदे कुठल्या रंगाचे असावेत, सगळं मी तिच्याकडे बघून शिकले. पहिल्यांदा घरी आली तेव्हा फरशीकडे बघून हळूच म्हणाली, "अगं, स्टँडवरच्या मुतारीत असते तशी वाटते." मला राग आला नाही. तिची नजर मला हवी होती.

नोकरी लागल्यावर तिच्याच सल्ल्याने मी पांढऱ्या टाइल्स घालायचं ठरवलं. बाबांनी एवढंच विचारलं, "लाज वाटते का तुला?"

"तसं नाही, जुनी झालीय," मी म्हणाले.

मजूर दोन दिवस घणाने फोडत होते. बाबांनी दोन्ही दिवस ओव्हरटाइम घेतला.

गेल्या वर्षी मैत्रिणीने घर बांधलं. वास्तुशांतीला बाबांनाही आग्रहाने बोलावलं. फाटकातून आत शिरले आणि माझे पायच थांबले. सगळं अंगण फुटक्या रंगीत लाद्यांचं. पाहुणे फोटो काढत होते आणि ती सांगत होती, "खास कारागीर आणला. हाताचं काम आहे."

मी तिला बाजूला घेतलं. "आमची फरशी तू फोडायला लावलीस."

"अगं, ते वेगळं होतं," ती हसली. "हे जाणूनबुजून केलंय."

म्हणजे बाबांचे वर्षभराचे रविवार चुकून गेले? मी वळून बाबांना शोधू लागले.

बाबा तोवर चप्पल काढून उकिडवे बसले होते, लाद्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवत. "काम सफाईदार आहे हं," ते तिला म्हणाले. "फक्त या कोपऱ्यात उतार कमी पडलाय. पाणी साचेल."

"थँक्यू काका," म्हणत ती दुसऱ्या पाहुण्यांकडे वळली.

आम्ही न जेवताच निघालो. रिक्षात मी रडले. बाबांनी पाठीवर हात ठेवला. तिने मला फसवलं, यात शंका नाही. पण मजूर मी बोलावले होते.

तिचे फोन येतात, मी उचलत नाही. बाबा हल्ली पुढच्या खोलीत चटई टाकून बसतात. टाइल्स पायाला गार लागतात, म्हणतात.