दोन हिरव्यांच्या मडक्यातलं निळं पिल्लू

इतवारीत, भांडे ओळीच्या मागच्या बोळात एक होते आमचे हे, एक होते गुलाबराव कंपाउंडर आणि एक होता दामू टेलर. तिघांच्या घरी रंगीत लव्हबर्ड होते आणि तिघांचाही एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता.

पाखरं पाळली की घरात पिसं साचतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी कोपऱ्यात पुन्हा ढीग. किस्स्यांचंही तसंच. मला अक्षर येत नाही म्हणून ते कुठे लिहून ठेवले नाहीत, पण त्यातला एकही वाऱ्यावर गेला नाही.

सत्तर सालाच्या आगंमागंची गोष्ट. हिरवा लव्हबर्ड तेव्हा कुणाकडेही मिळायचा. पिवळा त्याहून कमी. आणि निळा म्हणाल तर आमच्या अख्ख्या बोळात फक्त गुलाबरावांकडे, एक जोडी. कोणता नर कोणत्या मादीला लावला तर कोणता रंग निघेल, यावर दर रविवारी तिघांची बैठक बसायची. चहा माझा, भांडण त्यांचं.

याच गुलाबरावांचा भाचा वसंता. मौद्याच्या शाळेत मास्तर. आमच्या कुसुमला पाहून गेला होता, पसंतही पडली होती. फक्त बोलणी राहिली होती आणि ती गुलाबरावांच्या हातात होती, कारण वसंताची आई, म्हणजे त्यांची बहीण, भावाला विचारल्याशिवाय पाणीही पीत नसे. म्हणून गुलाबरावांना दुखवायचं नाही, एवढं एकच मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

*

आता या मंडळींची रीत ऐका. दुसऱ्याच्या घरी पिंजऱ्याजवळ जायचं तर आधी दारात उभं राहून सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढायचे. कुणी अंडं उचलून नेऊ नये म्हणून. मग तसेच, बकरीच्या कानासारखे खिसे लोंबवत, ही मोठी माणसं पाखरं पाहायची.

एकदा वसुलीवाला आमच्या दारात आला. त्याच वेळी तिघे आतून खिसे लोंबवत बाहेर निघाले. त्यानं तिघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "राहू द्या, पुढच्या महिन्यात येतो."

*

आमचे हे भांड्यांवर नावं घालायचे. दुकानाच्या पायरीवर बसून छिन्नी-हातोडीनं टकटक, दिवसभर. चमच्याच्या दांडीवर पूर्ण पत्ता बसवतील असा हात. आपली अंडी ओळखू यावीत म्हणून ते प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं खूण करायचे. लव्हबर्डचं अंडं ते केवढं, चिंचोक्याएवढं!

एका रविवारी गुलाबरावांनी आमच्या पिंजऱ्यात अंड्यांसाठी बांधलेल्या मडक्यात डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान बाहेर काढली.

"नाना, अंड्यावर 'सप्रेम भेट' काहून लिहिलं?"

यांनी पाहिलं. पाचही अंड्यांवर सुंदर अक्षरात 'सप्रेम भेट.' लग्नसराई होती, दिवसभर तेच लिहून हात तसाच चालला होता.

"सवयीनं झालं गा," हे म्हणाले.

गुलाबराव हसले नाहीत. "भेट देऊन राहिले तं कोणाले देऊन राहिले?" दामूकडे वळून म्हणाले, "अन जो देते, तो कुठून तरी आणतही असंल."

मी चहात साखर जास्त घातली. दुसरं काय करणार?

*

दामू टेलरनं जरीपटक्याच्या पाखरं विकणाऱ्या लालचंदभाईकडून एक पिवळी मादी आणली, लाल डोळ्यांची. नर-मादी ओळखायची ती चोचीवरच्या नाकावरून. निळं नाक तो नर. हिचं नाक गुलाबीसर, म्हणजे मादी, असं तिघांनी मिळून ठरवलं. दामूनं तिला आपला सगळ्यात देखणा नर लावला. मडकं बांधलं, चोच घासायला समुद्रफेस टांगला, वर जुन्या साडीचा पडदाही शिवून लावला.

तीन महिने झाले. जोडी एकमेकांना दाणा भरवते, मान घासते, पण अंडं नाही.

दामूला आधी मांजरीचा संशय आला. मग शेजारणीचा. मग चक्क बायकोचा. बिचारी डाळ घोटत बसलेली, तर हा विचारतो, "खरं सांग, तू अंडे खाऊन तं नाही राहिली?"

ती उठून माझ्याकडे आली आणि रडायला लागली. "बाई, मी एकादशी करतो वं. माझ्यावर असा आळ?"

मी जाऊन पिंजऱ्यासमोर बसले. अर्धा तास नुसतं पाहिलं. ती पिवळी मादी मान वर-खाली करून अशी गात होती, जशी आजवर कोणतीच मादी गायली नव्हती.

"दामूभाऊ," मी म्हणाले, "तुमच्या मडक्यात दोन नवरदेव आहेत."

तिघांना पटलं नाही. पण पुढच्याच महिन्यात त्या पिवळ्याला गुलाबरावांची हिरवी लावली आणि अंडी आली. तेव्हापासून पाखरांच्या बाबतीत माझा शब्द बैठकीत ऐकला जाऊ लागला. लेकीच्या बाबतीत नाही.

*

लालचंदभाईचं एवढ्यावर थांबलं नाही. एकदा त्यानं गुलाबरावांना चक्क गुलाबी लव्हबर्ड विकला. दोन दिवस गुलाबराव जमिनीवर चालत नव्हते. तिसऱ्या दिवशी पाखरानं वाटीत आंघोळ केली. पाणी गुलाबी झालं, पाखरू पांढरं.

गुलाबराव तावातावानं जरीपटक्याला गेले. लालचंदभाई शांत. म्हणाला, "साहेब, मैं कुछ बोला था? आप ही बोले, वा वा, गुलाबी है. मैंने सोचा, पढ़े-लिखे आदमी हैं."

त्यानंतर कुणी कोणतंही पाखरू आणलं की हे तिघे ओला रुमाल घेऊन बसायचे. गुलाबरावांच्या निळ्या नराला तर आमच्या यांनी आणि दामूनं एकदा इतकं पुसलं, की तो दोन दिवस शिंकत होता.

"निळा खरा आहे," दामू म्हणाला.

"माझं पाखरू पुसता?" गुलाबराव म्हणाले. "तुमची नियत पुसा आधी."

*

आणि मग ते झालं.

आमच्याकडे एक हिरवी जोडी होती. नर हिरवा, मादी हिरवी, दोघं पानासारखी. त्यांच्या मडक्यात पाच पिल्लं झाली. पंधरा दिवसांनी पिसं फुटायला लागली. चार हिरवी. पाचवं निळं.

हे आनंदानं दुकानातही गेले नाहीत. गुलाबरावांना बोलवायला कुसुमलाच पाठवलं. गुलाबराव दामूला घेऊन आले, खिसे बाहेर काढले, आत पाहिलं आणि खिसे आत घालून सरळ उभे राहिले.

"दोन हिरव्याइच्या पोटी निळं होत नसते, नाना. पालकाच्या बीतून वांगं निघते का गा?"

"पण निघालं न, समोर आहे."

"निघालं नाही. आणलं." ते खुर्चीवर बसले. "सव्वा महिन्याआधी तुम्ही माझ्या घरी आले होते. खिसे रिकामे होते, कबूल. पण त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलले नाही."

"दाढ सुजली होती."

"गाल फुगला होता," गुलाबराव म्हणाले. "दामू, गाल फुगला होता की नाही?"

दामूनं आमच्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "फुगला तं होता बाप्पा."

म्हणजे काय, तर यांनी गुलाबरावांच्या निळ्या जोडीचं अंडं गालात धरून आमच्या मडक्यात आणून ठेवलं!

मला राहवलं नाही. "भाऊजी, दाढेचं औषध तुम्हीच दिलं न दवाखान्यात?"

"दिलं. म्हणूनच तं संशय येते. दाढ एवढी ठणकत होती तं माणूस पाखरं पाहाले काहून येते?"

आणि हे विचारत कोण होतं? स्वतः पाखरं पाळणारा!

त्या रविवारपासून बैठक बंद. आठ दिवसांत मौद्याहून निरोप आला की वसंताचं यंदा जमत नाही. भांडे ओळीत बाया मला पाहून आवाज खाली करायच्या. हे नाव घालायला बसले की छिन्नी धरून नुसते बसायचे. एक दिवस म्हणाले, "सगळे पिंजरे उघडून देतो."

कुसुम पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "उघडा. मंग लोक म्हणतील, चोरीचा माल सोडून दिला."

*

मी डोक्यावर पदर घेतला आणि गुलाबरावांच्या घरी गेले. दामूला सोबत घेतलं, साक्षीला. गुलाबरावांची बायको चूल सारवत होती, त्यांच्या तिन्ही मुली अंगणात होत्या.

"भाऊजी," मी म्हणाले, "तुमचे डोळे काळे. वहिनीचे काळे. मोठीचे काळे, मधलीचे काळे. धाकटीचे घारे, मांजरीसारखे. आमच्यापैकी कोणी तुमच्या दारात येऊन कोणाचे खिसे तपासले का?"

दामूनं चपला घातल्या आणि पुन्हा काढल्या. गुलाबराव लाल झाले, मग पांढरे. मला वाटलं, आता संपलं, कुसुमचं लग्न या बोळात तरी होत नाही.

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली त्यांची बायको हसायला लागली. सारवणाचे हात तसेच वर धरून हसत होती. "माझ्या आजीचे घारे होते वं बाई," ती म्हणाली. "चाळीस वर्षं कुठं तरी दबून होते, अन आता निघाले." मग नवऱ्याला म्हणाली, "द्या न आता जवाब."

गुलाबरावांनी धाकटीला जवळ बोलावलं, हनुवटी वर करून तिचे डोळे नीट पाहिले. शेवटी म्हणाले, "ते हिरवी जोडी माझ्या घरी आणा. माझी खोली, माझं कुलूप. पाहतो."

*

जोडी गेली. मागच्या खोलीत पिंजरा, दाराला पितळी कुलूप, चावी गुलाबरावांच्या करदोट्याला. दाणापाणी ते स्वतः करायचे. बायकोलाही आत जायची बंदी. आपली निळी जोडी त्यांनी तेवढ्या दिवसांसाठी बहिणीकडे, मौद्याला पाठवून दिली. मौद्याचे लोक विचारायला लागले, ही पाखरं इथं कशी, तर बहीण म्हणायची, "भावानं तपासणी लावली आहे."

पंधरा दिवस आमची जोडी रुसून बसली. नवीन जागा. मग अंडी आली, चार. गुलाबरावांनी दामूला बोलवून मोजून घेतली. मग पिल्लं. रोज संध्याकाळी दामू आमच्या दारावरून जाताना नुसतं सांगून जायचा.

"पहिल्याले पिसं आले. हिरवं."

दोन दिवसांनी, "दुसरं. हिरवं."

मग, "तिसरंही." त्या दिवशी तो थांबलाच नाही.

हे म्हणाले, "मी खरंच तं नसंल आणलं न गालात?" एवढी बदनामी झाली की माणसाला स्वतःचाच संशय येतो.

चौथ्याचं तीन दिवस काहीच कळलं नाही. दामूही फिरकला नाही. मी देवापुढे बसले नाही की काही नाही, पण त्या तीन दिवसांत दोनदा भात करपवला.

चौथ्या दिवशी सकाळी गुलाबराव स्वतः आले. अंगात बंडी, पायात काही नाही. दारातच उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "खोली माझी. कुलूप माझं. चावी आंघोळीलेही सोडली नाही. आता या घरात चोर असंल तं मीच आहे."

हे आतून आले. गुलाबराव म्हणाले, "आभाळासारखं आहे गा, नाना. चाल, पाहाले चाल."

दोघं तसेच अनवाणी बोळातून पळाले.

ते निळं कुठून आलं, ते त्या दोघांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आठव्या दिवशी मौद्याहून गुलाबरावांची बहीण आली. पिंजरा परत घेऊनच आली. दोन महिने त्या निळ्या जोडीनं तिचं घर डोक्यावर घेतलं होतं, सगळीकडे पिसं आणि राळ्याचं भुसकट. तिनं चहा घेतला नाही, हुंड्याचं विचारलं नाही, पत्रिका पाहिली नाही. कुसुमला समोर बसवलं आणि एकच गोष्ट विचारली.

"पोरी, खरं सांग. तुले पाखराइचा नाद तं नाही न?"

सहा वर्षं आमच्या घरचा सगळा दाणापाणी कुसुमच करत होती. मडकी तीच बांधायची, पिल्लं तीच मोजायची.

कुसुमनं मान खाली घातली. "नाही बाप्पा," ती म्हणाली. "मले तं भेव लागते."

बहिणीनं पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला.