दोन बॅटऱ्यांची गाडी

कामोठ्याला आमच्या खालच्या घरातल्या काकांकडे एक जुनी मोटारहोम आहे. आत पलंग, ओटा, पंखा, सगळा संसार. फक्त ती कुठे जात नसे. तिला दोन बॅटऱ्या: एक इंजिनाला, दुसरी पंख्यादिव्यांना. पण रात्री पंखा चालला की सकाळी इंजिनही गप्प. मीटर घेऊन आत शिरलेले काका सांगायचे, "गाडी चांगली हाय. या दोघींना एकमेकींशिवाय करमत नाय."

गेल्या रविवारी दोष सापडला. दोन्ही बॅटऱ्या जोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, चिकटून कायम चालूच राहिला होता. काकांनी तो काढला, इंजिन सुरू करून पाहिलं आणि काकू दिवेआगरला जायचा डबा घेऊन बाहेर आल्या.

तेवढ्यात लाइट गेली. माझ्या बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. मी ओरडत खाली धावलो. काकांनी गाडीतल्या इन्व्हर्टरवरून आमच्या खिडकीत वायर दिली. धूर बाबांकडे जाईल म्हणून इंजिन बंदच ठेवलं. पंख्याची बॅटरी उतरू लागली, तशी त्यांनी दोन्ही बॅटऱ्या स्वतःच पुन्हा जोडल्या.

"काका, इंजिनाची पण संपेल."

"संपू दे. बाबांचं मशीन चाललं पायजे."

लाइट आली तेव्हा ऊन कललं होतं. बाबा ठीक होते. गाडी मात्र सुरू होईना. काकू तरीही आत जाऊन बसल्या, डबा उघडून म्हणाल्या, "निदान पंखा तरी लावा."

पंखाही लागेना. मग काका डब्याच्या झाकणाने त्यांना वारा घालत बसले.