चारशे फूट आभाळ

‘नियम शे, मंग शे,’ नियम आहे म्हणजे आहे, असं म्हणून नाना मान मागे टाकायचे आणि डोळ्यांवर पंजा धरून वर बघायचे. नियम जणू तिथेच कुठेतरी लिहून टांगलेला असावा. पाण्याची टाकी दिसली की पुटपुटायचे, “साठ फूट.” मोबाईलचा टॉवर दिसला की, “सव्वाशे.” धुळ्यात वर बघत चालणारा माणूस खड्ड्यात जातो हे तुम्हाला ठाऊकच आहे. नानाही जायचे. उठून धोतर झटकायचे आणि पुन्हा वर बघायचे.

देवपुरात त्यांचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. मी जवळच्याच शाळेत गणित शिकवायची. आमच्या घरची पाण्याची मोटार जळली तेव्हा पहिल्यांदा त्या दुकानात गेले. खाली जळक्या मोटारींचा ढीग, आणि वर छताला टांगलेली अकरा विमानं. थर्माकोलची, काड्यांची, रिमोटवर उडणारी. “ही लहान मुलांसाठी का हो?” मी विचारलं. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मोटारीचे पैसे आगाऊच देऊन टाकले.

त्यांतलं एक विमान, नानांच्या तोंडी ‘ईमान’, वेगळं होतं. लांबच लांब पंख आणि नावापुरती मोटार. ती बंद केली की ते नुसतं तरंगायचं. नानांची एकच इच्छा होती. “याले एकदा घारीस्ना पंगतमा बसाडनं शे, बाई.” घारी ऊन वर चढलं की पंख न हलवता गोल गोल फिरतात, त्या पंगतीत. त्यासाठी दर रविवारी सकाळी स्कूटरला विमान बांधून ते सोनगीरच्या किल्ल्याखालच्या पडीक रानात जायचे.

आणि नेमका तेव्हाच तो नियम आला. हौशी विमानांनीही चारशे फुटांच्या वर जायचं नाही. पेपरात कुठेतरी कोपऱ्यात छापलं होतं. साऱ्या जिल्ह्यात ते वाचणारे नाना एकटेच असावेत, आणि पाळणारे तर नक्कीच एकटे. मी म्हटलं, “नाना, त्या रानात कोण बघायला येतंय?”

“मी देखस ना,” नाना म्हणाले.

आता चारशे फूट मोजायचे कसे? आपल्या खान्देशात चारशे फूट खाली म्हणजे किती हे शेंबड्या पोरालाही कळतं. बोअरच्या गप्पा ऐकतच आपण मोठे होतो. वरचे चारशे मात्र कुणी पाहिलेत? नानांनी जन्मभर बोअरच्या मोटारी दुरुस्त केलेल्या. वीस फुटांचा एक पाइप, असे वीस पाइप, झाले चारशे. त्यांनी पतंगाची जाड दोरी घेतली, दर वीस फुटांवर लाल चिंधी बांधली, वीस चिंध्यांपर्यंत दोरी सोडली आणि तिचं टोक बाभळीच्या बुंध्याला बांधलं. वर डुलणारा पतंग म्हणजे कायद्याची हद्द. गावातली माणसं त्याला सरकारी पतंग म्हणू लागली.

विमान त्या पतंगाच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्यामुळे व्हायचं असं, की घारी वर मजेत फिरायच्या आणि विमान खाली दोन चकरा मारून मुकाट उतरायचं. नाना ते उचलून पंख पुसायचे. वर्षभर असंच चाललं. तोंडाने कधी कुरकुर नाही, पण परत येताना स्कूटर फार हळू चालवायचे.

एका रविवारी मीही हट्टाने गेले. पतंग पाहिला आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. तीस वर्षं फळ्यावर ज्या कर्णाने माझा खडू झिजवला, तोच माझ्यासमोर बाभळीपासून आभाळापर्यंत तिरपा ताणलेला होता.

“नाना, दोरी तिरपी आहे.”

“वारा शे ना.”

“अहो, बोअर सरळ खाली जातो. ही तिरपी वर गेलीये. दोरी चारशे फूट आहे, उंची नाही.”

मी काडीने मातीत त्रिकोण काढला. दोरीचा कल जवळजवळ निम्म्या काटकोनाइतका होता. हिशेब आला दोनशे ऐंशीच्या आसपास. नानांनी उकिडवं बसून त्रिकोणाच्या उभ्या बाजूवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, “म्हंजे मन्हं एकशे वीस फूट आभाय बाकी शे?”

“आहे.”

नाना उठले आणि त्या वयात चक्क नाचले. मग सोनगीरच्या फाट्यावर मला शेव-जिलबी खाऊ घातली आणि हॉटेलवाल्यालाही सांगितलं, “बाईनी माले आभाय काढी दिन्हं.” त्याला काही कळलं नाही. त्याने जिलबी जास्त घातली.

पुढच्या रविवारी मी शाळेतला मोठा कोनमापक घेऊन गेले. आठ चिंध्या वाढवल्या. अठ्ठावीस पाइप, म्हणजे तिरपी दोरी पाचशे साठ फूट, पण उंची चारशेला चार फूट कमीच. अकरा वाजता काळी जमीन तापली, विमान वर गेलं आणि नानांनी मोटार बंद केली. ते खाली येईना. एक घार आली, मग दुसरी, मग तिसरी. विमान त्यांच्यामागे पंख तिरका करून वळलं. घारींनी त्याला सरकून जागा दिली, अगदी लग्नात देतात तशी. नाना हसत होते, मी टाळ्या वाजवत होते, वय वर्षं अठ्ठावन्न.

आणि मग ते पतंगाच्या वर गेलं.

नानांनी रिमोटची दांडी खाली दाबली. विमानाने नाक खाली केलं, पण तापलेली हवा त्याला वरच उचलत होती. “खाले ये रे बापा, कायदा शे,” नाना कळवळून सांगत होते. विमानाचा ठिपका झाला. मग तोही दिसेना. नानांच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. त्यांना दोन्ही आवरत नव्हतं.

दुपारी ते मला घेऊन थेट पोलीस चौकीत गेले. हवालदारांनी कागद ओढला.

“तक्रारदार कोण?”

“मी.”

“आरोपी?”

“मीच.”

“मग फरार कोण?”

“ईमान.”

हवालदारांनी नानांना घरी जायला सांगितलं. नाना हलले नाहीत. अर्ज लिहिला. मागण्या दोन: एक, नियमभंगाची माफी असावी, दोन, विमान सापडल्यास परत मिळावे. साक्षीदार म्हणून मी सही केली. शिक्क्याची प्रत हातात पडल्यावरच नाना खुर्चीवरून उठले.

पंधरवड्याने एक शेतकरी दुकानात आला. आमच्या कपाशीत पांढरं काहीतरी पडलंय, तुमचंच असेल, म्हणाला. नानांनी त्याला चहा पाजला. “ते मन्हं नही,” म्हणाले. बघायलाही गेले नाहीत. मी रागावले, तर माझ्यापुढेही चहाचा कप सरकवला.

गेल्या माघात नाना गेले. मला त्यांची फार आठवण येते, हे सरळच सांगते. दुकान आवरताना अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला ती अर्जाची प्रत दिली. पहिली मागणी होती तशीच होती. दुसरी काळ्या शाईने, पट्टी धरून, नीट खोडली होती. आणि खाडाखोड केली की बाजूला करावी लागते, तशी समासात नानांची छोटी सही होती.