घड्याळ लावलेली कोडी

सकाळचा चहा झाला की केडगावच्या आमच्या घरात मी खिडकीपाशी खुर्ची ओढतो आणि मोबाईलवर बुद्धिबळाची कोडी सोडवत बसतो. अर्ध्यावर आलेला डाव समोर येतो, त्यातली नेमकी चाल शोधायची, की लगेच दुसरा डाव हजर. वर घड्याळ उलटं पळत असतं. तीन मिनिटांत जमतील तितकी सोडवायची, आणि चूक झाली की वेळ आणखी कापला जातो. शेवटी एक आकडा येतो. तो आकडा वर्षभर खाली खाली चाललाय, आणि मी घाबरलोय.

निवृत्त झालो तेव्हा पुण्याच्या मुलीनं हे खूळ मोबाईलमध्ये घालून दिलं. माझी उभी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची ही रांग, मागून हॉर्न, ड्रायव्हरांच्या शिव्या, आणि त्यात माझा हात कधी अडखळला नाही. तीन मिनिटांच्या घड्याळाचं मला काय कौतुक असणार? सुरुवातीला आकडा चढत गेला. मुलीला मी त्याचे फोटो पाठवायचो. मग तो अडला, आणि मग उतरायला लागला. चष्म्यामुळे असेल म्हणून चष्मा बदलला. मोबाईल जुना झालाय म्हणून मुलीनं नवा दिला. नव्या मोबाईलवरही खेळणारा मीच होतो, त्याला ती तरी काय करणार.

शेवटचं मिनिट सगळ्यात वाईट. चाल दिसलेली असते, निदान दिसल्यासारखी वाटते. तेवढ्यात नजर घड्याळाकडे जाते, आणि परत पटावर येते तेव्हा पट अनोळखी झालेला असतो. हा उंट इथे कधीपासून उभा आहे? राजा आपला कुठला? बोट काचेवर नुसतं टेकून राहतं. मग काहीतरी हलवायचं म्हणून हलवतो आणि लाल फुली येते. डॉक्टरकडे जावं तर सांगायचं काय, मोबाईलमधली कोडी चुकतात म्हणून? तो मलाच हसेल.

हे रिकामटेकड्याचं दुखणं नाही. मी माझ्या वडिलांना, नानांना, असंच जाताना पाहिलंय. आमचं गाव घोडेगावच्या पलीकडे. तिथं दुपारी पारावर पट मांडला जायचा आणि नाना एका बाजूला कायमचे. म्हातारपणी ते चालीला वेळ घेऊ लागले. लोक बिड्या ओढत बसून राहायचे आणि कौतुकानं म्हणायचे, "म्हातारं लई लांबचं बघतंय." मीही असंच म्हणायचो. एकदा त्यांनी मान वर करून विचारलं, "चाल कोनाची हाय?" सगळे खो खो हसले, कारण नाना समोरच्याला चिडवायला असलं काहीबाही बोलायचेच. ते चिडवत नव्हते. पुढं एका बाजाराच्या दिवशी ते घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात उभे राहिले आणि गाव कुठल्या अंगाला आहे हेच त्यांना आठवेना. एका व्यापाऱ्यानं टेम्पोत घालून घरी आणून सोडलं, तेव्हा आमचे डोळे उघडले.

गेल्या महिन्यात एका कोड्यात माझं प्यादं पटाच्या टोकाला पोचलं, घोड्याच्या घरात. इथं थोडं सांगायला हवं. नाना देशी खेळ खेळायचे. त्यात प्यादं ज्या सोंगटीच्या घरात पोचेल, तीच सोंगटी होतं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. मोबाईलवरच्या खेळात मात्र हवी ती सोंगटी मागता येते, आणि बहुतेक वेळा शहाणा माणूस वजीरच मागतो. हा नियम मी शाळेत शिकलो, कारखान्यातल्या स्पर्धा याच नियमानं खेळलो. त्या कोड्यातही वजीर मागितला की मात होती. घड्याळ संपत आलं होतं, चार सोंगट्या निवडीसाठी समोर आल्या आणि मी घोडा घेतला.

लाल फुली आली. चूक झाली त्याचं काही नाही, चुका रोजच होतात. पण मला चूक कळेचना. घोड्याच्या घरात घोडाच व्हायला पाहिजे, हा मोबाईल बिघडलाय, असं मला मनापासून वाटत होतं, आणि मी त्याच्यावर चिडलो होतो. भानावर आलो तेव्हा मोबाईल पालथा घालून ठेवला.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती हळवी झाली. "पप्पा, किती छान," म्हणाली, "आजोबा अजून तुमच्या हातात आहेत." मी हो म्हणालो. नानांच्या शेवटच्या दिवसांत ती होस्टेलवर होती, तिनं ते काही पाहिलेलं नाही. नानांच्या डोक्यातून नवं ते आधी गेलं. आधी नातवंडं गेली, मग सून गेली, मग मी गेलो. देशी खेळ तेवढा राहिला. पट पुढं ठेवला की घोड्याच्या घरातल्या प्याद्याचा घोडा ते बिनचूक करायचे आणि वर बघून मला विचारायचे, "पाव्हनं, कुठलं म्हनायचं तुमी?"

बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही, पण तिला दिसतं. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, बिनघड्याळाचं न्हाई का त्यात?" होतं. घड्याळ बंद करून बसलो आणि एकामागून एक सगळी कोडी सुटली. "बघा, येतंय की समदं," ती म्हणाली. तिला बरं वाटलं. मला नाही. नानांनाही येतच होतं. पारावर त्यांना कुणी घड्याळ लावलं नव्हतं, आम्ही मानानं वाट बघत बसायचो, आणि त्या मानात ते आमच्यासमोर निघून गेले.

परवा मी दळण ठेवून घरी आलो. ती कणीक मळत होती. "गिरणीत लाईट हुती का?" तिनं विचारलं. आता हिच्या स्वभावाला धीर हा नाहीच. लग्न झाल्यापासून हिनं माझं एक वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही, प्रश्न हिचा आणि उत्तरही हिचंच. मी चपला काढत होतो. गिरणी डोळ्यांपुढं येईना. आली, थोड्या वेळानं आली, आणि होती म्हणून मी सांगितलंही. पण तेवढा वेळ ती काही बोलली नव्हती. माझ्याकडे बघितलंही नव्हतं. मळून झालेली कणीक ती खाली मान घालून पुन्हा मळत राहिली होती. ती माझ्यासाठी थांबली होती, आणि असं ती कधीपासून थांबतेय, ते मला ठाऊक नाही.