गावातलं पहिलं गोल पातळ

आमच्या गावात गोल पातळ नेसलेली पहिली बाई मी, आणि भर हळदीकुंकवात ते सुटलेली पहिली बाईही मीच.

लढाईचे दिवस होते. कापड कंट्रोलात, म्हणजे सरकारी मापानं मोजून मिळायचं, आणि राहुरीजवळच्या आमच्या खेड्यातल्या साऱ्या सुना नऊवारी लुगड्यात. आमचे हे नगरला शाळेत मास्तर. त्यांनी एक दिवस सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर पुडकं पाठवलं. आत आकाशी रंगाचं पाचवारी पातळ! मी ते छातीशी धरून माजघरात गिरक्याच घेतल्या. शेजारची सावित्रा तर अर्धं धुणं विहिरीवर टाकून पळत आली.

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, पातळ हातावर मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"चार वार कुनी खाल्लं?"

"आत्याबाई, ते येवढंच आसतं. नगरला समद्या जनी आसंच नेसत्यात."

"आन् कासोटा?"

"कासोटा नसतो."

"म्हंजी नुसतं गुंडाळायचं? खांबाला गुंडाळत्यात तसं?"

मी कंट्रोलचं नाव पुढं केलं. कमी कापडात भागतं म्हटल्यावर आत्याबाई जरा विरघळल्या. बराच वेळ मशेरी चोळून त्यांनी निकाल दिला, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येक डाव नेस. समद्या गावाम्होरं नीट ऱ्हायलीस, डोईवरचा पदर ढळला न्हाई, तर मग रोज नेस. न्हाईतर म्या त्याची गोधडी शिवनार."

आळीतल्या साऱ्या सुनांचा जीव टांगणीला लागला. माझं पातळ टिकलं तरच त्या आपापल्या सासूपुढं तोंड उघडणार होत्या!

पुडक्यात आणखी एक वस्तू होती, लांबलचक पांढरा परकर. तो बघून मी आणि सावित्रा पोट धरून हसलो. लग्न झालेली बाई परकर घालते का कधी? परकर पोरीबाळींचा! तेव्हा हा नक्की माझ्या धाकट्या नणंदेला, चिमाला, पाठवलेला. (मास्तरांना सख्ख्या बहिणीची उंचीही ठाऊक नाही, म्हणून आम्ही पुन्हा हसलो.) मी तो खालून वीतभर दुमडला, टीप घातली आणि चिमाला देऊन टाकला.

संक्रांतीला सावित्रेनं मला पातळ नेसवलं. लुगड्यासारखी कमरेला गाठ मारली, पुढं निऱ्या खोचल्या. लुगडं अंगावर राहतं ते कासोट्याच्या जोरावर. तो काढला तर हे सगळं कशाच्या आधारानं राहणार, हा विचार दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आला नाही.

"कशी दिसते गं?"

"नगरची दिसतीस."

आणखी काय पाहिजे! मी करंडा घेऊन तरंगतच अंगणात गेले. अंगण बायकांनी भरलेलं, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. दोघीतिघींना कुंकू लावलं आणि ध्यानात आलं, की पदर डोक्यावर ओढला की निऱ्या वर येतात आणि निऱ्या खोचल्या की पदर खाली येतो. मी एक कोपर कमरेत रुतवलं, मान ताठ ठेवली आणि हसत राहिले.

तेवढ्यात पाटलीणबाई आल्या. गावातलं सगळ्यांत थोरलं माणूस! त्यांच्या पाया पडायचं ते तीनदा वाकून. पहिल्यांदा वाकले तेव्हा गाठ सैल झाली. दुसऱ्यांदा वाकले तेव्हा ती सुटली. तिसऱ्यांदा वाकले ती उठलेच नाही. निऱ्यांचा सगळा गोळा दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळून मी मटकन खाली बसले. (पदर मात्र डोक्यावर!)

"काय झालं गं?" आत्याबाई धावत आल्या.

"काय न्हाई."

"मग ऊठ की."

"उठवत न्हाई."

पाटलीणबाईंनी माझा घामेजलेला चेहरा बघितला, पोटाशी धरलेले हात बघितले आणि आत्याबाईंकडं वळून अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काशीबाई, पाळना काढून ठेवा."

अंगणात नुसता कल्ला! आत्याबाई माझ्या लग्नापासून याच बातमीला आसुसलेल्या. त्यांनी माझ्यावरून ओवाळून कडाकडा बोटं मोडली. कुणी चिंच आणायला पळाली, आणि चौघीजणी मला उचलायला वाकल्या.

"हात लावू नका!" मी किंचाळले.

"बगा, आत्तापासनंच कशी जपतीया," पाटलीणबाई म्हणाल्या.

शेवटी आत्याबाईंनी वाकळ आणली, मला पातळासकट तीत गुंडाळलं आणि त्याच चौघींनी माझी मोट माजघरात नेऊन ठेवली. आता खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी.

"लुगड्याची गाठ पोटावर आवळती," त्या म्हणाल्या. "आता तू गोल पातळच नेसत जा, बाई."

दाराआड आळीतल्या सगळ्या सुना श्वास रोखून उभ्या होत्या. मी उघडलेलं तोंड मिटलं.

रविवारी हे आले आणि विचारलं, "परकर कुठंय? निऱ्या त्याच्यात खोचायच्या असतात." मी अंगणात खेळणाऱ्या चिमाकडं बोट दाखवलं.

उन्हाळ्यापर्यंत आळीतल्या दोरीवर गोल पातळंच वाळत होती. बातमी खरी करायला मात्र आम्हांला जरा उशीर झाला. थोरला जन्मला तोवर पुढची संक्रांतही उलटून गेली होती. बारशाला बायका बोटांवर महिने मोजायला लागल्या. मी आत खाटेवर पदर तोंडात कोंबून पडलेली, आणि बाहेर आत्याबाई एकेकीला ठणकावत होत्या, "पोराचा काय दोस? आई नेसती गोल पातळ. समदंच गोल, त्याला वाट गावायला येळ लागनारच."